भिंतीकडच्या आठ पेट्या

संघाच्या संकलन केंद्रावर त्यांच्या अकरा डब्यांना लाल चिठ्ठ्या लागल्या, तेव्हा ती पिकअपच्या मागच्या फळीवर बसून ठकीला पाजत होती. आधी तिला वाटलं, पास झाल्याच्या चिठ्ठ्या असतील. मग रांगेतला एक जण शेजारच्याला म्हणाला, "साखर निघाली म्हणे." आणि त्यानं मान वळवून आधी गाडीकडे, मग मामंजींकडे, मग तिच्याकडे पाहिलं, तशी तिनं ओढणी आणखी पुढे ओढली.

तपासनीस चष्मा कपाळावर सरकवून मामंजींशी हळू बोलत होता. तो हळू बोलत होता हेच वाईट होतं. इतरांवर तो ओरडायचा.

"पहिला नमुना नापास झाला, आजोबा. मग दुसरा काढला. तोही तसाच."

"दुसरा कशाला काढलात?"

"तुमचं नाव बघून. मलाच खरं वाटेना."

तीस वर्षं मामंजी या केंद्रावर मध घालत होते. त्यांच्या डब्याचं झाकण उघडायच्या आधीच पास म्हणायची इथली रीत होती. आज पेचकसानं झाकणं उचकटलेली होती आणि काठांवर मध ओघळून त्याला धूळ चिकटली होती.

डबे परत न्यायचे तर गाडी मागे घ्यायला जागा नव्हती. रांग लांबवर गेली होती. म्हणून मामंजी आणि भाऊजी, म्हणजे तिचा दीर, एकेक डबा उचलून रांगेच्या कडेकडेनं गाडीपर्यंत आणू लागले. माणसं वाट देत होती, जरा जास्तच वाट देत होती. सहाव्या खेपेला कोणीतरी म्हणालं, "कारखाना काढलात की काय, आजोबा? ऊस कुठला घेता?" हसले तिघंचौघंच, पण बाकीच्यांनी आपापल्या डब्यांकडे पाहिलं.

मामंजींनी डबा खाली ठेवला नाही. फक्त त्यांच्या मानेवरची शीर तिला फळीवरून दिसली.

निघताना तपासनीस गाडीच्या खिडकीपाशी आला. "आठ दिवसांनी मी तुमच्याकडे येतो. डब्यात कोणी मिसळलं असेल तर तो एका माणसाचा गुन्हा. तेवढा माल बाद, आणि त्या माणसानं पुन्हा या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. पण साखर पेटीतच असेल, तर सगळ्या पेट्या बाद. हंगाम बाद. तुमचा संघातला क्रमांक गोठवावा लागेल. माझ्या हातात काही नाही."

क्रमांक गोठवणं म्हणजे काय, ते तिघांनाही सांगायला नको होतं. बाहेरून जहाजं भरभरून मध येत होता, पाण्याच्या भावात. त्यातल्या निम्म्या मधानं मधमाशीचं तोंडही पाहिलं नव्हतं, असं संघाच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणायचं आणि सगळे माना डोलवायचे. माना डोलवून भाव वाढत नव्हता. शेजारच्या गावातल्या सातजणांनी पेट्या विकून टाकल्या होत्या. उरले होते ते संघाच्या शिक्क्यावर. शिक्का म्हणजे शुद्धतेची हमी आणि जरा बरा भाव. तो गेला की बाजारात जहाजातल्या मधाशेजारी उभं राहायचं.

परतीच्या वाटेवर भाऊजी गाडी चालवत होते. मध्ये मामंजी, खिडकीशी ती, मांडीवर ठकी.

"डबे भरले कोणी?" मामंजींनी रस्त्याकडे बघत विचारलं.

"मीच की."

"झाकणं?"

"मीच लावली. दुसरं कोण आहे लावायला?"

"बरं," मामंजी म्हणाले.



*

त्या घराचा एक नियम होता. फुलं नसलेल्या महिन्यांत माश्या उपाशी मरू नयेत म्हणून सगळेच पेटीवाले साखरेचा पाक ठेवतात; त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मामंजींच्या घरी पाकात बीटाचा रस पिळायचे. माश्या तो लाल पाक पोळ्यात भरून ठेवायच्या. पुढे फुलोरा आला, मध काढायची वेळ आली, की मामंजी एकेक चौकट उचलून उन्हासमोर धरायचे. जरा जरी लाली दिसली, तरी ती चौकट परत पेटीत. ते माश्यांचं. लाली नसेल ते आपलं. "माशीला फसवायचं नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही," असं ते म्हणायचे, आणि हा नियम त्यांनीच काढलेला असल्यामुळे जरा जास्त वेळा म्हणायचे.

या वर्षीच्या चौकटी त्यांनी स्वतः उन्हासमोर धरल्या होत्या. एकेक. तेव्हा पेटीत साखर असणं शक्यच नव्हतं. मग राहिला डबा. आणि डबे भरले होते भाऊजींनी.

हे मामंजी बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी मधयंत्राच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. भाऊजी सकाळी खरवडणी घेऊन तिथं गेले, कुलपाकडे पाहिलं आणि परत येऊन अंगणात जुन्या चौकटींचं मेण खरवडत बसले.

"कुलूप कशाला?" त्यांनी तिला विचारलं.

"मुंग्या लागतात म्हणत होते."

"मुंग्यांना कुलूप उघडता येत नाही, हे बरं झालं."

ती हसली नाही. कारण तिच्याही मनात तेच होतं. दोन महिन्यांपूर्वी याच अंगणात भाऊजी म्हणाले होते, "सगळे मिसळतात, वहिनी. आपणच कशाला शहाणे? शिक्का काही चाखून बघत नाही." तेव्हा तिनं ते थट्टेवारी नेलं होतं. आता ते वाक्य तिच्या कानात माशीसारखं फिरत होतं. शिवाय गेले काही दिवस एक मोटारसायकलवाला व्यापारी त्यांना ओढ्याच्या पुलावर भेटत होता. आणि पत्र्याच्या शेडमध्ये, रिकाम्या पोत्यांच्या खाली, दोन पत्र्याचे डबे होते. गेल्या महिन्यात ते तिथं नव्हते.

काम मात्र थांबत नव्हतं. फुलोरा संपत आला होता, माश्या चिडक्या झाल्या होत्या. ती ठकीला झोळीत निजवून पेट्यांकडे जायची. धुराड्यात वाळलं शेण आणि गोणपाटाचा तुकडा पेटवायचा, भाता दाबायचा, झाकणाखाली धूर सोडायचा, मग पेटी उघडायची. कंबर अजून बाळंतपणातून सावरली नव्हती. मधकोठी, पेटीवरचा मधाचा मजला, उचलताना पोटाच्या खालच्या शिवणीत कळ यायची, ती दातांखाली धरायची. परत येऊन छाती, मान, हात साबणानं धुवायचे. तरी ठकी तोंड फिरवायची. धुराचा वास आला की पोरगी आईला ओळखत नसे. तिला उगी करत बसायचं, ओली ओढणी बदलायची, आणि तोवर दूध वाहून जायचं.

"तुझ्या आजोबांसारखीच तू," ती तिच्या कानात म्हणायची. "वास घेतल्याशिवाय तोंड लावायचं नाही."

तिसऱ्या दिवशी गल्लीतली शिंपीण मधाची अर्धी बाटली घेऊन आली. "पोराच्या खोकल्याला घेतला होता," ती म्हणाली. "आता बरा आहे खोकला. म्हटलं, उगाच वाया कशाला." पैसे मागितले नाहीत. बाटली ओट्यावर ठेवली आणि पदराला बोटं पुसली, जणू बाटलीला काहीतरी लागलेलं होतं.

त्याच दुपारी, शिंपीण गेल्यावर, ती शेडमध्ये गेली. भाऊजी विहिरीवर होते. तिनं पोती बाजूला केली, डब्याच्या झाकणाला नाक लावलं. गोड वास होता, पण नुसता गोड नव्हता. सुरीनं झाकण उचकटलं. आत पिवळं, घट्ट, थिजलेलं मेण. दुसऱ्या डब्यातही मेण. चौकटी खरवडून निघालेलं घरचंच मेण, वितळवून, गाळून, नीट भरलेलं. मोटारसायकलवाला मेणबत्त्यांचा व्यापारी असणार.

म्हणजे भाऊजी चोर होते, पण या चोरीचे नव्हते.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. झाकण परत ठोकताना तिच्या मनात आलं: जो मेण चोरतो तो साखर का नाही मिसळणार? डब्यांवर टाकायला पोतं उचलून मागे वळली, तर शेडच्या दारात भाऊजी उभे. हातात पाण्याची बादली. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"मी पोतं शोधत होते."

"हातातच आहे तुमच्या." ते बादली घेऊन निघून गेले.

*

पाचव्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो चाळीस पेट्या घेऊन दूरच्या फळबागांत होता. तिथं बागवाले मधासाठी नाही, नुसत्या परागीभवनासाठी पेट्या भाड्यानं घ्यायचे.

"बाबा काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. तेच तर."

"धाकट्याचंच काम असणार," नवरा म्हणाला. "लहानपणापासून सवय आहे. माझ्या दप्तरातल्या पेन्सिली विकायचा. नीट लक्ष ठेव. इथं बागवाल्यानं काल न सांगता फवारणी केली, सहा पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडलाय. मला तिकडे यायला जमणार नाही. ठकी काय करते?"

"रांगायला बघते. मागे मागे जाते."

"घरातल्यांवर गेली," तो म्हणाला.

संध्याकाळी मामंजींनी भाऊजींना ओसरीवर बसवलं. ती आत ठकीला भरवत होती. मऊ भाताचा घास पोरीच्या ओठांपर्यंत नेऊन तसाच राहिला.

"तू मिसळलंस?"

"नाही."

"मग कोणी?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे असं वाटतं मला. कुलूप तुम्ही लावलंय."

"मेणाचे डबे कोणाचे?"

तिनं सांगितलं नव्हतं. मामंजींनी स्वतःच पाहिलं असणार. म्हणजे घरात सगळेच एकमेकांची झाकणं उघडत होते.

"मेण माझं," भाऊजी म्हणाले. "या घरात मला शर्ट घ्यायचा तरी मागावं लागतं. मी तिशीचा झालो. मेण घेतलं. साखर नाही."

"जो मेण घेतो..."

"हां. ते वाक्य पुरं करा."

मामंजींनी ते पुरं केलं नाही. पण तेच वाक्य तिनं दोन दिवसांपूर्वी मनात पुरं केलं होतं, शब्दाला शब्द. तिनं हातातला घास पोरीच्या तोंडात घातला. ठकीनं घास थुंकला.

*

भिंतीकडच्या आठ पेट्या तिच्याकडे होत्या. लग्न झाल्यावर मामंजींनी तिला दिलेल्या, कमजोर म्हणून एका बाजूला ठेवलेल्या. तिनंच त्या जगवल्या होत्या. सातव्या दिवशी सकाळी तिनं त्यातली तिसरी पेटी उघडली, तपासनीस यायच्या आधी साफसूफ करावी म्हणून. खालच्या मजल्यावर मागच्या कडेला एक जुनी भरलेली चौकट होती. वरचं मेण पांढरं, सपाट. तिनं उन्हासमोर धरली. पाण्यासारखी स्वच्छ. लाली नाही.

इतकी स्वच्छ कशी?

या टेकडीवरचा मध कधी असा नसतो. तो तांबूस असतो, चहाच्या रंगाचा. तिनं खरवडणीच्या टोकानं मेणाचं एक झाकण उचललं आणि जिभेवर घेतलं. गोड. त्यापलीकडे काही नाही. ना फुलाचा वास, ना घशात लागणारी ती बारीक चरचर.

ती चौकट हातात धरून तशीच उभी राहिली. एक माशी मनगटावर बसली, डंख मारून गेली, तिला कळलंही नाही.

फुलोऱ्याच्या आधी, माश्या उपाशी होत्या त्या आठवड्यात ठकीला ताप होता. घरातलं बीट संपलं होतं, बाजार चार दिवसांवर. माश्या पेट्यांच्या दारात लोळत होत्या, उचलल्या तर कोरड्या, हलक्या. तिनं एका हातानं पोरगी खांद्यावर धरून दुसऱ्या हातानं साखर पाण्यात ढवळली होती. एकदा नाही, दोनदा. नंतर मामंजींना सांगू. पुढच्या वेळी रंग जास्त घालू. मग ताप चढला, दवाखान्यात तीन दिवस काढले, परत आल्यावर बीट आलेलं होतं आणि सगळं पूर्ववत झालं होतं. ती विसरली नव्हती. तिच्या डोक्यात ते कधी नोंदच झालं नव्हतं. त्या दिवसांतलं तिला पोरीचं तापलेलं कपाळ तेवढं आठवत होतं.

आणि फुलोऱ्यात याच आठ पेट्या जोमदार झाल्या म्हणून मामंजींनी कौतुकानं त्यांतल्या भरलेल्या चौकटी उचलल्या होत्या, उन्हासमोर धरल्या होत्या, लाली नाही म्हणून मधयंत्रात लावल्या होत्या. काही दुसऱ्या कमजोर पेट्यांना दिल्या होत्या. आता कुठली चौकट कुठं गेली, ते देवालाही सांगता आलं नसतं.

तिनं पेटी बंद केली. घरात आली. हात धुतले, छाती धुतली. ठकीला घेतलं. पोरीनं आज लगेच तोंड लावलं. ती तिच्या टाळूवर गाल टेकून बसून राहिली आणि मनाशी हिशेब मांडत राहिली, असला हिशेब की जो कुठूनही मांडला तरी चुकत होता. बोलावं तर क्रमांक जातो, म्हातारपणी मामंजींची मान खाली जाते. गप्प राहावं तर एक माणूस जातो. आणि तो तर, घरातल्या सगळ्यांच्या मते, तसा होताच.

हेच सोपं होतं, म्हणून तिला त्याची भीती वाटली.

*

आठव्या दिवशी तपासनीस दहा वाजता आला. मामंजींनी खुर्ची दिली, चहा दिला. तो पेट्यांकडे जायला उठला तसे भाऊजी पुढे झाले.

"पेट्या बघायची गरज नाही," ते म्हणाले. "मी मिसळलं. डब्यात. लिहून घ्या."

मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं. तो चेहरा ती नंतर कितीतरी दिवस विसरू शकली नाही: त्यात राग होता, आणि रागाच्या मागे, अगदी मागे, सुटकेचा श्वास होता.

"का मिसळलंस?" तपासनिसानं विचारलं.

"सगळे मिसळतात म्हणून. कुठं सही करायची?"

तपासनिसानं खिशातलं पेन काढलं. त्यालाही बरं वाटलं असावं. त्याला या घराचा क्रमांक गोठवायचा नव्हता. मामंजींनी ओट्यावरचा कप उचलून जागा केली. कागद ओट्यावर पसरला गेला. भाऊजी वाकले.

"त्यांनी नाही," ती दारातून म्हणाली.

तिघांनी वर पाहिलं. ठकी तिच्या कडेवर होती, तिची मूठ आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकलेली.

"मी बिनरंगाचा पाक ठेवला. भिंतीकडच्या आठही पेट्यांत. दोनदा. हिला ताप होता तेव्हा. मामंजींना सांगायचं राहिलं. त्यांना रंग दिसला नाही, म्हणून त्यांनी त्या चौकटी काढल्या."

"वहिनी, तुम्ही आत जा," भाऊजी म्हणाले.

"तिसरी पेटी उघडून चाखून बघा."

मामंजी उठले. धुराडं न घेताच भिंतीकडे गेले. झाकण काढलं, चौकट उचलली, सवयीनं उन्हासमोर धरली, आणि मग बोट घालून चाखली. माश्या त्यांच्या हातांवर, कानांवर चढत होत्या. त्यांनी झटकल्या नाहीत. परत आले तेव्हा डावा डोळा सुजायला लागला होता.

"पेटीतलीच आहे," ते तपासनिसाला म्हणाले. "लिहा."

तपासनिसानं दुसरा कागद काढला. लिहिताना तो म्हणाला, "एका वर्षानं पुन्हा अर्ज करा. मध विकता येणार नाही, पण पेट्या भाड्यानं द्यायला हरकत नाही. आता सगळे तेच करतायत, आजोबा. पुढे मधाला कोणी विचारणार नाही, माशीलाच विचारतील. माशी भाड्यानं जायची."

"आणि माशी मेली की?" मामंजींनी विचारलं.



*

दोन दिवसांनी फळबागांकडे न्यायच्या पेट्या गाडीत भरल्या. दिवस कलला, माश्या परतल्या, मग तिनं आणि भाऊजींनी एकेक दार जाळीनं बंद केलं. पेट्या उचलून पिकअपवर चढवल्या. एक कड त्यांच्या हातात, एक तिच्या. आतून गुणगुण बोटांत उतरत होती. मामंजी एका डोळ्यानं दोर तपासत होते. मुलाशी ते अजून काही बोलले नव्हते. चुकलो असंही नाही, मेण ठेव असंही नाही. मधयंत्राच्या खोलीचं कुलूप तेवढं त्यांनी काढलं होतं. आत आता काढायला काही नव्हतं.

"मी पेट्यांबरोबर जातो," भाऊजी म्हणाले. "दादाला एकट्याला झेपत नाही. फवारणी करणाऱ्यांशी भांडायला कोणीतरी हवं."

"परत कधी?"

"बघू. तिकडे शर्ट कोणाला मागावा लागणार नाही."

शेवटची पेटी चढली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "भाऊजी, माझं चुकलं."

"काय चुकलं? पाक, की दुसरं?"

"दोन्ही."

त्यांनी मान हलवली. ती मान 'ठीक आहे' म्हणाली की 'ठाऊक आहे', ते तिला कळलं नाही. मग ते घरात गेले आणि आपली कापडी बॅग घेऊन आले. गाडीत टाकायच्या आधी थांबले. बॅग तिच्या पायाशी ठेवली आणि चेन शेवटपर्यंत उघडली. आवाजात राग नव्हता. एखादा माणूस कंडक्टरला तिकीट दाखवतो तसे ते म्हणाले,

"बघून घ्या, वहिनी. मागाहून कोणाला शंका नको."

"नको, भाऊजी. असं नका करू. मिटवा ती."

दोन शर्ट. एक टॉवेल. दाढीचं सामान, एका रबरानं बांधलेलं. ठकीला झोळीत जाग येत होती, तिचं कुरकुरणं अंगणापर्यंत येत होतं. ती भाऊजींना 'नको, नको' म्हणत होती, आणि म्हणता म्हणता तिची नजर टॉवेलच्या खाली जाऊन, कोपरा पाहून, परत आली होती.

भाऊजी तिच्या डोळ्यांकडेच बघत होते. त्यांनी खाली वाकून चेन लावली.